पॅसेंजरचे बूट

आजवर मी ज्या ज्या घरमालकांकडे खोली पाहायला गेले, त्यांनी मला गाव विचारलं, नोकरी विचारली, स्वयंपाकात काय काय शिजतं ते आडून आडून विचारलं. एकानेच मला तळपाय दाखवायला सांगितले. मी जिन्याच्या पायरीवर बसून सँडल काढली आणि त्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून, मान वाकडी करून माझ्या टाचा नीट पाहिल्या. "उंच टाचेची चप्पल बंद करा," ते म्हणाले. "वजन सगळं पुढं जाऊन राहिलं तुमचं. खोली हवेशीर आहे." मी खोली घेतली. रायपूरच्या तेलीबांध्याला माझं ऑफिस होतं, आणि त्या भागात तळपाय न पाहणाऱ्या मालकांच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या.

मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे. मॅडम म्हणताना ते माझ्याकडे पाहात नसत, माझ्या चपलांकडे पाहात. माणसाचं तोंड ही त्यांच्या दृष्टीने दुय्यम बाब होती. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या रुळांची देखभाल करण्यात घालवली होती आणि खाली पाहात चालायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कोण आलं होतं असं काकूंनी विचारलं, तर सांगायचे, "तो, डाव्या जोड्याची टाच झिजलेला." काकूंनाही ते पुरायचं. इतक्या वर्षांत साऱ्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, टाचा त्यांना पाठ झाल्या होत्या.

स्वतः काकाजी बारा महिने अनवाणी. उन्हाळ्यात डांबर वितळायला लागलं तरी अनवाणी आणि नात्यातल्या लग्नात कोट घालूनही अनवाणी. "पाय ओला झाला तर वाळते, जोडा ओला झाला तर सडते," हे त्यांचं म्हणणं मी जिन्यात इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते पटायला लागलं होतं. फक्त एक अडचण होती. हे वाक्य बोलत असताना त्यांच्या हातात बहुतेक वेळा एका घोडीचा बूट असे आणि तो ते फुंकर मारून वाळवत असत.

घोडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधलेली होती. खोली दाखवताना काकाजींनी हा तपशील गाळला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगाचं काय त्यात? दिसूनच राहिली ना." दिसत तर होतीच. त्याहून जास्त तिचा वास येत होता. पांढरी, पोटाशी जरा सुटलेली, लग्नाच्या वरातीतली निवृत्त घोडी. पंडरीकडच्या एका घोडीवाल्याकडे ती होती. नाल ठोकताना खिळा खुराच्या जिवंत भागात गेला, ती लंगडायला लागली, आणि लंगडी घोडी नवरदेवाच्या कामाची नाही म्हणून घोडीवाला तिला हाकलायला निघाला. काकाजींनी ती आणली. मी राहायला आले त्याच आठवड्यात तिचे उरलेले नाल उपटून टाकायला लावले आणि जाहीर केलं की यापुढे या घोडीच्या पायात लोखंड जाणार नाही. हे जाहीर करायला समोर काकू आणि मी अशा दोघीच होतो, पण आवाज प्लॅटफॉर्मभर पोचेल असा होता.

मी कितीही तिरकं बोलले तरी एवढं मान्य करायला हवं की घोडी सुधारली. हिवाळ्यापर्यंत खूर नव्याने वाढले, कडक झाले, लंगडणं गेलं. काकाजी तिला रोज सकाळी फिरवून आणत. स्वतः कधी बसत नसत, लगाम धरून शेजारून चालत. दोघेही अनवाणी. घोडी प्रत्येक फाटकापाशी थांबायची, कोणी काही खायला देतंय का पाहायची आणि मगच पुढे सरकायची. म्हणून तिचं नाव पॅसेंजर.

फिरून आल्यावर तपासणी. काकाजी एक छोटी हातोडी घेऊन बसत आणि चारही खुरांवर हलकेच ठोकून कान लावून ऐकत. उभ्या गाडीची चाकं अशी ठोकून पाहतात म्हणे. "ठक असा आवाज आला तर बरोबर," ते मला खिडकीत पाहून सांगत. "थप्प आला तं समजाचं पाणी मुरून राहिलं." मी पोळी लाटता लाटता हो म्हणायची. घोडीही बिचारी पाय उचलून द्यायची. त्या घरात टिकायचं तर ठोकून घ्यावं लागतं, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

मग पाऊस आला आणि सगळे आवाज थप्प झाले.

आमची गल्ली म्हणजे एक प्रकरण होतं. तेलीबांध्याच्या तलावावरून नव्या रायपूरकडे जाणारा रस्ता रुंद, गुळगुळीत. त्यावरून डावीकडे वळलं की आधी गिट्टी, म्हणजे फोडलेल्या दगडांचा थर. रस्ता करायला आलेला ठेकेदार तेवढी पसरून जो गेला तो गेला. गिट्टी संपली की कन्हार, म्हणजे इकडची काळी चिकण माती. पावसाळ्यात ती चप्पल मागून घेते आणि परत देत नाही. या कन्हाराच्या शेवटी आमचं घर, आणि तिथे गल्लीही संपायची. चिखलात खूर दिवसभर भिजून मऊ पडायचे आणि मग तेच मऊ खूर गिट्टीवर पडले की पॅसेंजर चटका बसल्यासारखी पाय उचलायची. चार पावलं टाकून उभी राहायची. काकाजींना ते पाहवत नसे. नाल मारा म्हणायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा बूट.

पहिले बूट उरल्याहून आले. तिथल्या एका कारखान्याबाहेर जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे पडलेले असतात. ते आणून काकाजींनी मोच्याकडून शिवून घेतले. मोच्याने माप पाहून विचारलं, "पहलवान हैं क्या?" ते बूट इतके जड होते की पॅसेंजरने एक पाय उचलला आणि दुसरा उचलायचा विचार सोडून दिला. मग काकाजींची मुलगी, बेबी, हिने मोबाइलवर शोधून काढलं की परदेशात घोड्यांचे तयार बूट मिळतात. बेबी बँकेत नोकरीला होती, मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "पप्पा, ये देखो. अनवाणी घोड़ों के लिए ही बनते हैं." हे बोलून आपण काय करून ठेवलं ते तिला पुढे सबंध पावसाळाभर कळत होतं.

मोबाइलवर बुटांच्या चित्राखाली मापाच्या सूचना होत्या. त्या मीच काकाजींना वाचून दाखवल्या. आधी खूर तासून घ्या, मग लांबी-रुंदी मोजा, बूट अंगासरसा बसला पाहिजे, सैल राहिला तर आत चिखल जातो आणि टाच सोलते. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकलं, खूर तासून घेतला, माप चोख घेतलं, आणि एक नंबर मोठा बूट मागवला.

"काकाजी, त्यांनी अंगासरसा म्हटलंय."

"मॅडम, रुळाच्या दोन तुकड्यांत फट काहून ठेवतात?"

मला माहीत नव्हतं.

"उन्हात लोखंड फुगते. फट नाही ठेवली तं रूळ वाकडा होऊन गाडी पडते. खूर बी पाण्यानं फुगते. फट लागतेच."

"पण कंपनीवाले..."

"ते कधी आपल्या कन्हारात आले काय?"

जन्मभर ज्या माणसाने फटी राखल्या आणि एकही गाडी पडू दिली नाही, त्याच्याशी वाद घालणार कोण? खोकं आलं तेव्हा काकूंनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी माह्यासाठी चप्पल सांगतली होती." बूट दोनच होते, पुढच्या पायांचे. इंजिन पुढे असतं, ओझं पुढे येतं, असा हिशेब होता, आणि तेवढा मात्र बरोबर निघाला.

पहिल्या सकाळी सगळा पारा फाटकात उभा होता. गिट्टीवर पॅसेंजर अशी चालली की बघत राहावं. मान वर, पावलं मोकळी. परत येताना कन्हारात शिरली. पहिलं पाऊल टाकलं, फटीतून बुटात चिखल भरला, दुसऱ्या पावलाला पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. काकाजींनी बांबूने टोचून टोचून तो शोधला, हात कोपरापर्यंत घालून काढला, पाण्याने धुतला, पुन्हा चढवला. दोन पावलांवर दुसरा गेला. समोरची म्हातारी दारात बसून हे पाहात होती. तिने छत्तीसगढीत निकाल दिला, "हव बबा, फेर निकलगे तोर घोड़ी के पनही." पनही म्हणजे जोडा. त्यानंतर रोज सकाळी त्या म्हातारीला चहाबरोबर ही करमणूक मिळत होती.

बाकी कोणी असता तर कन्हारात बूट काढून ठेवले असते आणि गिट्टीवर चढवले असते. मी हे सुचवलं, काकूंनी सुचवलं, बेबीनेही सुचवलं. चिखलात अनवाणी खूर उलट चांगली पकड घेतो हे पॅसेंजर स्वतः दाखवत होती. बूट निसटलेला तिचा पाय सरळ पडायचा, बूट असलेला घसरायचा. पण काकाजींचं म्हणणं पक्कं होतं. चिखलासाठीच तर बूट आहेत, चिखलात काढायचे तर घेतले कशाला? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण प्रश्नच चुकीचा होता.

बूट निघू नये म्हणून त्यांनी आधी आपले नोकरीतले लोकरी मोजे घोडीला घातले. मग वरून सुटकेस बांधायचे पट्टे आवळले. फरशी ओली म्हणून बूट रात्रीही ठेवले. आठवड्याभरात माझ्या खिडकीतून नेहमीच्या वासाच्या जोडीला आणखी एक वास यायला लागला. जनावरांचे डॉक्टर आले, बूट काढला आणि तोंड फिरवलं. टाचेवरची कातडी सोलली होती, तळवा पांढराफटक, लिबलिबीत झाला होता. "इसको हवा लगने दो, अंकल. चलाकर लाओ, जूता उतारो, पैर सुखाओ, जूता भी सुखाओ." काकाजींनी अर्धं ऐकलं. रात्री बूट काढायला लागले, हळद-तेल लावायला लागले. पण बूट वाळवायला गच्चीवर माझ्याच दोरीवर टांगायला लागले, माझ्या साड्यांच्या मधोमध. पाऊस असला की बेबीचं केस वाळवायचं मशीन बुटात घालून बसत. बेबी ओल्या केसांनी बँकेत जायची आणि जाताना म्हणायची, "दीदी, आप कमरा बदल क्यों नहीं लेतीं? मैं तो नहीं बदल सकती."

टाच बरी झाली, मोजे गेले, पट्टे राहिले. आणि ऐन पावसात बेबीचं लग्न ठरलं.

काकाजींचं घर बौद्ध. त्यांच्यात मुहूर्त पाहात नाहीत, चातुर्मास आडवा येत नाही. मुलगा भिलाईच्या कारखान्यात इंजिनियर, बेबीने स्वतः निवडलेला. दोघांच्या सुट्ट्या जुळल्या त्या ऑगस्टात, म्हणून ऑगस्टात लग्न. मांडव घराशेजारच्या मोकळ्या जागेत, वरून जाड ताडपत्री. इथवर सगळं समजूतदारपणे झालं. मग मुलाकडच्यांनी फोनवर विचारलं की नवरदेवाची गाडी थेट मांडवापर्यंत येईल ना, आणि काकाजी म्हणाले की गाडी मोठ्या रस्त्यावर थांबेल, तिथून पुढे जावईबापू आमच्या घोडीवर येतील.

"पप्पा, लोग हँसेंगे," बेबी म्हणाली.

"हासू दे. हासणं चालते."

"उसे घोड़ी पर बैठना नहीं आता!"

"मी लगाम धरतो."

"कार में क्या दिक्कत है?"

"कारमंदी बसलेला माणूस कोणाले दिसते? काच काळी राहते."

मी अर्थातच बेबीच्या बाजूने होते. त्याच दिवशी खालच्या स्वयंपाकघरात काकूंजवळ बसून मी माझं मत मांडलं, आणि ते मांडायची माझी पद्धत जरा मसालेदार होती. म्हटलं, काकाजींना जावयापेक्षा घोडीची वरात काढायची हौस आहे. नव्या बुटांचं प्रदर्शन करायचंय, दुसरं काय!

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बुटाचं नाही वो. आमच्या लग्नाची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "माहं माहेर वर्धेकडं. वेशीपासून आमच्या मोहल्ल्यात याचं म्हणजे मंधात मोठ्या लोकायची आळी लागे. हे घोड्यावर बसून आले. घोडा भाड्याचा. आळीतले लोकं घराघरातून निंघाले आन् उभे झाले. काही बोलले नाही. नुसते उभे. तं घोडेवाल्यानंच लगाम धरला आन् म्हणे, उतरा, माहा घोडा इथून पुढं येत नाही. इकडं मी बाजा ऐकून राहिली होती. बाजा बंद झाला. मंग किती तरी वेळानं हे आले पायदल. जोडे हातात, चिखल इथवर." त्यांनी गुडघ्याला हात लावला.

"तुम्हाला केवढं वाईट वाटलं असेल."

"मले? मले तं नवरा दिसला, बाई. मी खुश. त्यायले वाटलं. अजून वाटून राहिलं." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "तवापासून म्हणते, माह्या पोरीचा नवरा घोड्यावर येईन, आन् लगाम दुसऱ्याचा राहणार नाही. पोट्टीले सांगू नको म्हणते. तिले कायले हे ओझं, म्हणते."

ओझं तोवर उचललं गेलं होतं. शेजारच्या खोलीत बेबी लग्नाचं ब्लाउज घालून पाहात होती आणि दार उघडंच होतं. ती अर्धवट लावलेल्या हुकांसकट बाहेर आली, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घोड़ी ही आएगी," ती म्हणाली आणि डोळे पुसत परत आत गेली. बापासमोर तिने काही दाखवलं नाही. उलट संध्याकाळी कुरकुरत म्हणाली, "ठीक है, ले आओ अपनी पॅसेंजर को. पर बूट साफ रखना." काकाजी इतके खूश झाले की त्यांनी केस वाळवायचं मशीन तिला परत देऊन टाकलं.

मी त्या दिवसापासून घोडीविरुद्ध बोलायचं बंद केलं. बुटांविरुद्ध बोलत राहिले. तेवढं माझं स्वातंत्र्य मी राखून होते.

लग्नाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. काकाजी पांढऱ्या सफारीत, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, खाली पाय मोकळे. पॅसेंजरला निळ्या रिबिनी, आणि बूट असे घासलेले की बेबीला नाव ठेवायला जागा नव्हती. मोठ्या रस्त्यावर मुलाकडच्या गाड्या थांबल्या, जयभीम झाले, आणि नवरदेवाला एका स्टुलावरून घोडीवर चढवण्यात आलं. मुलगा अंगाने भरलेला आणि स्वभावाने फार गरीब. चढल्यापासून त्याने दोन्ही हातांनी खोगीर जे धरलं ते सोडलं नाही. काकाजींनी लगाम हातात घेतला, बाजा सुरू झाला, आणि मी छत्री घेऊन त्यांच्या शेजारून निघाले, कारण मला पुढे काय होणार ते पाहायचं होतं.

गिट्टीवर काहीच झालं नाही. पॅसेंजर दगडांवरून अशी गेली की जणू खाली गालिचा आहे. ती बिनबुटाची असती तर तिथेच अडली असती, हे मलाही दिसत होतं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, चक्क तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पाहा, मॅडम!" मी पाहिलं. मग कन्हार लागला.

डावा बूट पहिल्याच पावलाला गेला. पट्टा तुटला, पाय वर आला, बूट चिखलात. पॅसेंजरने उजवा पाय उचलून पाहिला, तो निघेना, घसरली, आणि उभी राहिली. वर नवरदेव एकीकडे कलंडला. वऱ्हाडातल्या बायका ओरडल्या. समोर मांडव दिसत होता, मध्ये फक्त चिखल. मुलाचे काका भला माणूस, ते लगबगीने पुढे आले, काकाजींच्या हाताशेजारी त्यांनीही लगाम धरला आणि वर पाहून म्हणाले, "उतर जा बेटा. चार कदम तो है, पैदल चल लेंगे."

बाजेवाल्यांना वाटलं वरात पोचली. त्यांनी वाजवणं थांबवलं.

मी काकाजींचा चेहरा पाहिला आणि मला भीती वाटली. तो माणूस त्या क्षणी आमच्या गल्लीत नव्हताच. तोंडाचा रंग उडाला होता. तिकडे मांडवाच्या दाराशी काकू बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. बाजा थांबलेला त्यांनीही ऐकला होता.

"लगाम सोडा," काकाजी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मुलाच्या काकांना ऐकूच गेला नाही. मग ते ओरडले. "लगाम सोडा म्हणतो ना! कोणी उतरणार नाही! बाजा वाजवा बे, बाजा काहून बंद केला?"

मुलाच्या काकांनी चटका बसल्यासारखा हात काढला. नवरदेवाने खोगीर आणखी घट्ट धरलं. बाजेवाले घाबरून जे आठवेल ते वाजवायला लागले, प्रत्येकाला वेगळं आठवलं.

काकाजींनी लगाम माझ्या हातात दिला. मी जन्मात घोडी धरली नव्हती, पण त्या वेळी नाही म्हणण्याची सोय नव्हती. ते पांढऱ्या सफारीनिशी चिखलात गुडघ्यांवर बसले, हात घातला आणि डावा बूट बाहेर काढला. मला वाटलं, आता धुणार, चढवणार, दोन पावलांवर पुन्हा काढणार, आणि लग्न असंच दिवाळीपर्यंत चालणार. पॅसेंजरचा अनवाणी पाय त्यांच्या समोर होता. खूर चिखलात पसरून घट्ट रुतून बसला होता, जराही सरकत नव्हता. शेजारी बुटातला पाय थरथरत होता. काकाजी दोन्ही पायांकडे पाहात राहिले. सबंध पावसाळा तिघी बायका आणि एक डॉक्टर जे सांगून थकले ते त्यांनी त्या अर्ध्या मिनिटात ऐकलं. त्यांनी उजव्या पायाचे पट्टे सोडले, बूट ओढून काढला आणि दोन्ही बूट समोरच्या म्हातारीच्या दारात फेकून दिले.

"चल, माय," ते घोडीला म्हणाले. तिला माय म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पॅसेंजर चालली. चिखलातून पाय उचलताना मोठा आवाज व्हायचा, पण पडलेलं पाऊल जागचं हलत नव्हतं. काकाजी पुढे, लगाम पुन्हा त्यांच्या हातात, तेही अनवाणी, तेही तसाच आवाज करत. एका फाटकापाशी ती सवयीने थांबली. म्हातारीने आतून भाकरीचा तुकडा आणून तिला दिला आणि वरात पुढे निघाली. नवरदेव वरून सगळ्यांना दिसत होता, फेट्यापासून मोजडीपर्यंत. त्याच्यावर चिखलाचा एक शिंतोडा नव्हता.

मांडवाच्या दाराशी पॅसेंजर उभी राहिली. बाजा संपला. फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या होत्या, आत बेबी पांढऱ्या साडीत उभी होती, आणि नवरदेव काही खाली उतरेना. मघाचं ओरडणं त्याने मनावर घेतलं होतं. त्याच्या काकांची सांगायची हिंमत नव्हती, माझीही नव्हती. शेवटी तोच वाकून हळूच म्हणाला, "पापाजी... अब उतर जाऊँ?"

काकाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना रडू फुटलं. लगाम धरून, घोडीच्या मानेला कपाळ टेकवून ते सगळ्या वऱ्हाडासमोर मोठ्याने रडले. कोणाला काय करावं कळेना. माझंही मला कळत नव्हतं, मी छत्री मिटवली आणि भिजत उभी राहिले.

काकू पुढे आल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, मग वर पाहिलं.

"उतरा, बापू," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणते म्हणून नाही. घर आलं म्हणून उतरा."